प्रकल्प कोणाचा? प्रश्न कोणाचा?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील एका तरतुदीकडे आपल्या चळवळीचे जावे तसे लक्ष गेलेले नाही. सहावी ते आठवी या तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला दहा दिवस दप्तराविना शिक्षण द्यावे आणि या काळात त्याने सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम शिकावे, असे हे धोरण सांगते. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने त्याच्या मार्गदर्शक सूचनाही जाहीर केल्या. आपण खासगीकरणावर बोललो, शिष्यवृत्तीवर बोललो, कमी पटाच्या शाळा बंद करण्याविरुद्ध रस्त्यावर उतरलो. ते आवश्यकच होते. परंतु अकरा ते चौदा वर्षांचे आपले मूल शाळेच्या चार भिंतींत नेमके काय करते, त्याच्या हाती वही येते की हातोडा, आणि वही आली तर तिच्यात प्रश्न कोणाचा लिहिला जातो, याची चौकशी करायला मात्र आपण विसरलो.

ही शंका उगाच घेतलेली नाही. तिला इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक 'सुधारित योजना' आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात घरी वडिलांचा धंदा शिकावा, अशी ती योजना. दिसायला किती गोंडस! पुस्तकी शिक्षणाला श्रमाची जोड, शाळेवरचा भार कमी, मुलाला जीवनाचे शिक्षण. पण ज्याचा बाप चांभार त्याच्या मुलाने दुपारी चामडे कापायचे, ज्याचा बाप धोबी त्याच्या मुलाने कपडे धुवायचे आणि ज्याचा बाप वकील त्याच्या मुलाने काय करायचे, हे वेगळे सांगायला नको. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने या योजनेला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली. वर्णव्यवस्था प्रत्येक वेळी मनुस्मृती हातात घेऊन येत नाही. कधी ती शिक्षणसुधारणेच्या परिपत्रकातूनही येते.

आता, नवे धोरण म्हणजे राजाजींची योजनाच, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धोरणाचा मजकूर 'प्रत्येक विद्यार्थी' असा आहे, 'बापाचा धंदा' असा नाही. दहा दिवसही तीन वर्षांत मिळून आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे तीन वर्षांच्या ६६० दिवसांतले हे दहा. कारागिराच्या हातातले कौशल्य हे ज्ञानच आहे आणि देशमुखांच्या मुलाने दहा दिवस चामडे शिवून पाहिले तर आम्हाला आनंदच आहे! प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. शहरातली महागडी शाळा या दहा दिवसांत मुलांना संग्रहालयात आणि प्रयोगशाळेत नेईल. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी, ज्यांच्याजवळ प्रवासखर्चालाही पैसा नाही, ते म्हणतील, 'बाळांनो, घरीच आई-वडिलांचे काम पाहा आणि त्यावर प्रकल्प लिहून आणा.' २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी करताना, शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबाच्या (धोकादायक नसलेल्या) धंद्यात मदत करण्याची मुभा मात्र त्याच दुरुस्तीने दिली. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की आमची शंका समजून येईल.

पण नुसता विरोध करून भागणार नाही. या वयातल्या मुलांसाठी आम्ही काय मागतो, ते सांगितले पाहिजे. आमची मागणी अशी आहे की हे दहा दिवस, आणि त्यांच्याबरोबर वर्षभरातले काही तास, मुलांच्या स्वतःच्या शोधकार्यासाठी द्या. मुलाने स्वतः प्रश्न काढावा, स्वतः माहिती गोळा करावी, ती तपासावी, लिहावी आणि वर्गासमोर उभे राहून तिच्यावरच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. ही कोणा शिक्षणप्रेमीने करायची मेहेरबानी नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा हे सांगितले आहे. संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा, कृती, शोध आणि पडताळणी यांतून शिक्षण व्हावे, मूल भय आणि ताणापासून मुक्त असावे. आमच्या राज्यात त्याची जबाबदारी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेवर आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत 'प्रकल्प' हे एक साधन म्हणून स्पष्ट नमूद आहे.

त्या प्रकल्पाचे पुढे काय झाले, हे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात जाऊन पाहावे. थोर नेत्यांची चित्रे, पाळीव प्राण्यांची चित्रे, वाहतुकीची साधने, सगळे छापील तक्ते तयार. कापायचे, डकवायचे, कडेने चमकीची पट्टी लावायची, वहीला पारदर्शक वेष्टन घालायचे. वरच्या वर्गात इंटरनेटवरून छापून आणलेली पाने. आणि आता तर मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला की पाच मिनिटांत दहा पानांचा प्रकल्प, प्रस्तावना आणि ऋणनिर्देशासह! गुरुजींनाही ते ठाऊक असते. वही वजनदार दिसली की गुण पडतात. म्हणजे गुण पडतात ते बापाच्या खिशाला आणि आईच्या अक्षराला. ज्या घरात वडील नाक्यावर कामाच्या शोधात उभे राहतात आणि आई चार घरची धुणीभांडी करते, त्या घरातल्या मुलीने स्वतःच्या हाताने काढलेले वेडेवाकडे चित्र या स्पर्धेत कसे टिकणार? परीक्षेत निदान तिला एकटीला बसून लिहायचे असते, बंगल्यातल्या मुलाची आई तिथे पेपर लिहायला येत नाही. प्रकल्पाच्या नावाखाली आम्ही तीही समानता घालवली. म्हणून काही आंबेडकरी शिक्षक जेव्हा म्हणतात की, 'साहेब, हे प्रकल्प-बिकल्प नकोत, परीक्षाच बरी,' तेव्हा त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही.

विषयांचेही तेच. 'माझे कुटुंब', 'आमच्या घराण्याचा इतिहास', 'आमचा पारंपरिक व्यवसाय' हे विषय देताना शिक्षकाच्या मनात वाईट काही नसेलही. पण वर्गात उभे राहून आजोबा मेलेली गुरे ओढत, असे सांगायची पाळी ज्या मुलावर येते, त्याच्या मनाचा विचार कोण करतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. जातीचे प्रदर्शन मांडायला लावणारा प्रकल्प हा मानसिक छळच आहे, असे आमचे मत आहे, आणि वेळ आल्यास ते कायद्याच्या भाषेत मांडण्याची आमची तयारी आहे.

तरीही आम्ही शोधकार्याचाच आग्रह धरतो. का? तर या भूमीत अकरा ते चौदा वयाच्या मुलांच्या शोधकार्याचा सर्वांत तेजस्वी दाखला आमच्याच घरातला आहे. मुक्ता साळवे. जोतिराव आणि सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातील, सुमारे चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या दोन अंकांत छापून आला. आम्ही दरवर्षी तिचे नाव घेतो, पण तो निबंध कसा तयार झाला असेल याचा विचार करत नाही. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरले, हे त्या मुलीने पाहिले नव्हते. तिने ते वडीलधाऱ्यांकडून गोळा केले. मग तिने आपल्या डोळ्यांसमोरचे दारिद्र्य पाहिले, दोन्ही शेजारी ठेवले आणि आमचा धर्म कोणता, असा प्रश्न थेट देवालाच विचारला. साक्ष, निरीक्षण, तुलना आणि प्रश्न. आज ज्याला संशोधन-प्रकल्प म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? तिच्या हाती छापील तक्ता नव्हता. तिला विषयही कोणी परिपत्रकाने दिला नव्हता. होते ते शिक्षक, जे तिचा प्रश्न ऐकून दचकले नाहीत.

बाबासाहेबांचेच पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. युरोपीय पंडितांच्या व्याख्या एकेक करून त्यांनी तपासल्या, त्यांतल्या उणिवा दाखवल्या आणि आपली उपपत्ती मांडली. त्याच विद्यापीठात ते जॉन ड्युई यांच्या व्याख्यानांना बसले. शिक्षण म्हणजे भांड्यात पाणी भरणे नव्हे, अनुभव आणि विचार यांतून मनुष्य घडतो, ही ड्युई यांची मांडणी. 'प्रकल्प पद्धती' या नावाने जो निबंध जगभर गाजला तो १९१८ साली ड्युई यांचेच अनुयायी किलपॅट्रिक यांनी लिहिला, तोही कोलंबियाच्या शिक्षक महाविद्यालयातून. बाबासाहेब तोवर न्यूयॉर्क सोडून गेले होते, पण झरा एकच होता. म्हणून कोणी आम्हाला सांगू नये की प्रकल्प हे श्रीमंतांच्या इंग्रजी शाळांचे खूळ आहे. पुढे १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली, तिचेही बाबासाहेब सदस्य होते. मागणी करण्याआधी माहिती जमवायची, ही त्यांची आयुष्यभराची रीत राहिली.

आणि त्याहून मागे जायचे तर तथागत आहेतच. केसपुत्त गावच्या कालामांना त्यांनी सांगितले ते काय होते? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. आम्हा वकिलांना यात पुरावा कायद्याचे बीज दिसते. १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम राहिले, ते हेच तत्त्व की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ज्याने पाहिले त्याने सांगावे, आणि ज्याने सांगितले त्याने उलटतपासणीला उभे राहावे. बारा वर्षांच्या मुलाला 'हे तुला कसे कळले?' एवढा एक प्रश्न विचारायची सवय लागली, तर बुवा-बाबा, अफवा आणि मोबाइलवर फिरणारा खोटा इतिहास यांचे दुकान किती दिवस चालेल?

हे सरकारी शाळेत, साध्या शिक्षकांच्या हातून होऊ शकते का? झालेले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे मित्र ग्रामीण केंद्र या संस्थांनी १६ सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. वर्ग आमचेच, सहावी ते आठवी. १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात नेला गेला आणि १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला. (संस्थेने हे नाव निवडावे यातही एक अर्थ आहे. अंगठा कापून मागणाऱ्या गुरूशिवाय शिकलेला तो शिष्य!) मुलांनी पाने, फुले, माती, पाणी स्वतः तपासायचे, चौघा-चौघांच्या टोळीने प्रयोग करायचे, 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात उत्तरे दिलेली नसत, ती मुलांनी काढायची. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा, कारण परीक्षा पाठांतराची नव्हतीच. मुले आपले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरे जात. शिक्षकांच्या दरमहा बैठका होत, वर्गात अडलेले तिथे मांडले जाई. आधी गाव, मग जिल्हा, मग राज्यातले इतर जिल्हे, असे करत तो शेकडो शाळांत पोचला. आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. सगळीकडे एकच पुस्तक, एकच पद्धत हवी, हे कारण. तीस वर्षे चाललेला उपक्रम एका आदेशाने गेला. मुलांनी बेडकाचे जीवनचक्र तपासावे हेदेखील व्यवस्थेला जड झाले, तर नळाच्या पाण्याचे वाटप तपासलेले तिला कसे चालेल?

नळाचेच उदाहरण घेऊ. समजा, सातवीच्या वर्गातल्या चार मुलींनी प्रश्न काढला, आपल्या वस्तीच्या नळाला पाणी किती येते? एक घड्याळ, एक बादली, एक वही. पंधरा दिवस पाणी कधी आले, किती वेळ टिकले, दहा लिटरची बादली किती मिनिटांत भरली, याची नोंद. हेच गावातल्या दुसऱ्या एका नळावर. मग सरासरी आणि स्तंभालेख, जे गणिताच्या पुस्तकात आहेतच. मग पाणी सोडणाऱ्या माणसाची मुलाखत, ग्रामसेवकाची मुलाखत, ग्रामपंचायतीची रचना, जी नागरिकशास्त्रात आहे. मग चवदार तळे, जे इतिहासात आहे. शेवटी एक अर्ज, जो मराठीच्या पत्रलेखनात आहे. गणित, विज्ञान, नागरिकशास्त्र, इतिहास, भाषा, सर्व विषय एका बादलीत आले आणि खर्च झाला एका वहीचा! यात कोणाची जात विचारली नाही, कोणाचा बाप काय करतो हे विचारले नाही. वस्तीतल्या मुलीचे अज्ञान इथे उघडे पडत नाही, उलट नळावर उभे राहण्याचा तिचा अनुभव वर्गात सर्वांत जास्त असल्याने ती या कामाची पुढारी ठरते. बंगल्यातल्या मुलाला ही माहिती कोणतेही यंत्र छापून देणार नाही, कारण ती कुठल्याच संगणकात नाही. तीच गोष्ट शाळेतील पोषण आहाराची, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्यांची, सहावीनंतर शाळा सोडलेल्या मुलींची.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वतः शिकणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. 'तुझे तू शोध' असे सांगून गुरुजी कार्यालयातली माहिती भरत बसले, तर मूल शोधणार नाही, दुकानातच जाईल. प्रश्न लहान कसा करायचा, नोंद कशी ठेवायची, दोन माणसे वेगवेगळे सांगत असतील तर काय करायचे, हे शिकवावे लागते. सहावीत शिक्षकाने प्रश्न काढायला हात द्यावा, आठवीत हात काढून घ्यावा. गुण द्यायचे ते सजावटीला नव्हे, कच्च्या नोंदवहीला आणि वर्गासमोर दिलेल्या उत्तरांना. सगळे काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात आणि परिसरात व्हावे, घरी काहीही न्यायचे नाही. एवढ्या एका नियमाने निम्मी विषमता गळून पडेल.

यासाठी शिक्षक पाहिजे. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र व भाषा या प्रत्येकासाठी किमान एक, असे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, हेही तिथेच आहे. प्रत्यक्षात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या उच्च प्राथमिक वर्गांतली पदेच धोक्यात आणली आणि शिक्षक संघटनांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. कमी पटाच्या शाळा कोठे असतात? पाड्यांवर, तांड्यांवर, वाड्या-वस्त्यांवर. तिथले शिक्षक काढून घ्यायचे आणि वर 'शोधातून शिक्षण' असे धोरण छापायचे, हा दुटप्पीपणा आहे. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अन्य कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. त्या कलमाचे काय झाले ते प्रत्येक शिक्षक जाणतो.

सरकारला विचारताना थोडे आपल्यालाही विचारले पाहिजे. जयंतीला आपण वक्तृत्व स्पर्धा घेतो, पाठ केलेले भाषण सफाईने म्हणणाऱ्या मुलाला बक्षीस देतो. सामान्यज्ञान स्पर्धेत जन्मतारखा विचारतो. बावीस प्रतिज्ञा मुलांना तोंडपाठ असतात याचा अभिमान योग्यच आहे, पण त्यांतल्या एखाद्या प्रतिज्ञेवर मुलाने 'हे का?' असे विचारले तर आपल्यापैकी किती जण बसून उत्तर देतील? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपला गरीब माणूस भाकरीच्या पैशातून पुस्तके विकत घेतो, सारे जग त्याचे कौतुक करते. ती पुस्तके घरी येऊन फडताळात राहतात आणि मूल मात्र प्रकल्पासाठी दुकानातला तक्ता आणते. विहारांत रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास मोकळे असतात. वस्तीतल्या निवृत्त शिक्षकांनी, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींनी, बँकेत, मंत्रालयात नोकरीला असलेल्यांनी हे दोन तास सहावी ते आठवीच्या मुलांना द्यावेत. भाषण करू नये, त्यांचे प्रश्न ऐकावेत. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी आजी-आजोबा नागपूरला कसे गेले, कोणत्या गाडीने, काय खाऊन, कोणाबरोबर, हे विचारणारा मुलांचा एकेक गट तयार झाला असता तर केवढा दस्तऐवज उभा राहिला असता! १९५६ साली वीस वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी जे उरले आहेत त्यांच्याकडे याच वर्षी गेले पाहिजे.

शाळेत हे घडवून आणण्याचा मार्गही कायद्यातच आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतली किती माणसे या समितीच्या बैठकीला जातात? सही करायला बोलावले की सही करून येतात, एवढेच. पुढच्या बैठकीत तीन ठराव लेखी मांडावेत. दप्तराविना दहा दिवसांत कोणते मूल कोठे जाणार याची यादी समितीसमोर ठेवावी आणि कोणालाही घरच्या धंद्यावर पाठवू नये. प्रकल्पाचे काम शाळेच्या वेळेतच व्हावे आणि विकतच्या तक्त्यांना गुण देऊ नयेत. शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट उघडे ठेवावे, त्याची किल्ली मुलांच्या गटाकडे द्यावी. मुख्याध्यापकांनी इतिवृत्तात नोंद घेण्यास नकार दिला तर ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही लागत नाहीत, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते.